मामाचा काका करताना

मामा प्रकाशनाच्या कचेरीत शिरले तेव्हा त्यांच्या अंगाला नव्या टायरचा वास येत होता, आणि चेहरा असा की जणू त्यांच्याच दुकानातून कुणीतरी त्यांनाच फाटकी ट्यूब विकली होती. देह दांडगा, आवाज मात्र मऊ. ते खुर्चीत बसले, खुर्ची कुरकुरली, तशी अर्धवट उठून त्यांनी तिच्या पाठीवरून समजूत घातल्यासारखा हात फिरवला आणि विचारलं, "ते पुस्तक इथेच निघतंय ना? ज्यात मामा हरामखोर आहे ते?"

कचेरी म्हणजे एकच लांबट खोली. खिडकीशी प्रकाशकांचं टेबल, भिंतीला टेकून कागदाची रिमं, आणि कोपऱ्यात संगणकापुढे मुद्रितं तपासणारी बाई. तिला सगळे कानामात्रा म्हणायचे, कारण कुठल्याही मजकुरातला सुटलेला काना तिला ताटातल्या खड्यासारखा दिसायचा. तिने चष्म्यावरून मामांकडे पाहिलं आणि हातातलं काम बाजूला सारलं. आज करमणूक होणार, हे तिला कळलं.

प्रकाशक म्हणाले, "अहो, कादंबरी आहे ती. सगळं काल्पनिक असतं."

"असेल. पण अख्खा बाजार मला मामा म्हणतो. गिऱ्हाइकं म्हणतात, ट्रकवाले म्हणतात, माझी स्वतःची सासूसुद्धा मामाच म्हणते. आता मामाने भाच्याचं दुकान गिळलं असं छापून आल्यावर लोक कुणाकडे बघणार? आणि नुसता मामा असता तर एक वेळ सोडून दिलं असतं. त्या मामाला मिशा आहेत, पोट आहे, आणि तो बोलताना समोरच्याच्या शर्टाचं बटण धरतो."

हे सांगताना त्यांनी प्रकाशकांच्या शर्टाचं वरून दुसरं बटण धरलेलं होतं. कानामात्राने खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवलं.

कादंबरी लिहिणारे गृहस्थ म्हणजे मामांच्या धाकट्या बहिणीचे यजमान. कचेरीत त्यांना अर्धविराम म्हणत. एकदा वाक्य सुरू केलं की पान संपेपर्यंत त्यांना पूर्णविराम सापडत नसे. कादंबरी त्यांनी सात-आठ वर्षं लिहिली होती. तिच्यात पुढे पोरक्या होणाऱ्या मुलाचं दुकान हडपणारा मामा होता आणि त्याला पोटाशी धरून वाढवणारा देवमाणूस काका होता. हस्तलिखित बायकोने वाचलं, भावाला सांगितलं, आणि त्या दिवसापासून नवऱ्याशी बोलणं टाकलं.

दुसऱ्याच दिवशी अर्धविराम स्वतः आले. न विंचरलेले केस, शर्टाला इस्त्री नाही.

"बाई," ते कानामात्राच्या टेबलाशी येऊन हळूच म्हणाले, "मामाचा काका करता येईल का?"

"आणि जो काका आहे त्याचं काय?"

"त्याचा मामा करा. सरळ अदलाबदल. म्हणजे मेहुणे देवमाणूस होतील, आणि काका वाईट झाला तरी आमच्याकडे भांडायला येणारं त्या बाजूचं कुणी उरलेलं नाही, आणि मला घरात शांतता हवी आहे, म्हणजे शांतता आहेच, तीच तर नको आहे, कालपासून आमचं मांजरसुद्धा माझ्याकडे..."

"कळलं," कानामात्रा म्हणाली.

प्रकाशकांनी डोक्याला हात लावला. "अहो, छापखान्यात पाळी लावून ठेवलीय! पाचशे पानांत मामा किती वेळा येतो, काका किती वेळा येतो... हे बदलायला आठवडा जाईल."

"चहा मागवा," कानामात्रा म्हणाली. "येईपर्यंत होतं."

ही फुशारकी नव्हती. म्हणजे होती, पण तिला आधार होता. तिच्या धाकट्या दिराचं सगळं आयुष्य संगणकात गेलेलं, आणि त्याने तिला तो काळा पडदा वापरायला शिकवलं होतं, जिथे चित्रं नसतात, बटणं नसतात, नुसती एक चौकोनी टिकली लुकलुकत हुकमाची वाट पाहते. त्या पडद्यावर ग्रेप नावाचं एक अवजार होतं. ते हवी ती अक्षरं हजारो ओळींतून हुडकून आणायचं. दुसरं होतं सेड. त्याला एका तिरप्या रेघेच्या अलीकडे जुना शब्द द्यायचा, पलीकडे नवा, आणि शेवटी 'दिसेल तिथे' अशी खूण करायची. पापणी लवेपर्यंत पुस्तकभर बदल. शिकवताना दीर एवढंच म्हणाला होता, "वहिनी, हे ऐकतं सगळं, पण समजत काही नाही त्याला."

कादंबरीचं एकेक प्रकरण एकेका फाइलीत होतं, आणि सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये. आता मामाचा काका केला आणि मग काकाचा मामा केला, तर सगळेच मामा होऊन बसणार, हे कानामात्राला बरोबर ठाऊक होतं. दोन कपाटांच्या जागा बदलायच्या तर एक आधी व्हरांड्यात काढावं लागतं. तिने व्हरांड्यासाठी 'झुंबाक' हा शब्द निवडला. ग्रेपला विचारून घेतलं, पुस्तकात झुंबाक कुठे आहे का? नव्हता. मग मामाचा झुंबाक केला, काकाचा मामा केला, आणि झुंबाकचा काका. तीन ओळी. सगळ्या फोल्डरवर एकदम.

चहा आला तेव्हा ती हात झटकत होती.

"झालं?" प्रकाशकांचा विश्वास बसेना.

"झालं."

अर्धविरामांनी पडद्यावर पहिलं प्रकरण पाहिलं. जिथे तिथे काका कपटी हसत होता आणि मामा पोराच्या डोक्यावरून हात फिरवत होता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आनंदाचं होतं की सात-आठ वर्षांच्या मेहनतीचं, सांगता येत नाही. लगेच प्रस्तावनेपासून शेवटापर्यंतची पानं छापून घेतली, जाड दोऱ्याने गठ्ठा बांधला आणि वाचून खात्री करण्यासाठी मामांच्या दुकानावर पाठवून दिला. कानामात्रा त्या दिवशी घरी गेली ती गुणगुणतच. दिराला तिने फोन करून झुंबाकची हकिकत सांगितली. तो पोट धरून हसला, आणि मग म्हणाला, "शब्दाच्या मध्ये आलेलं बघितलंस ना?"

"मध्ये म्हणजे?"

"सकाळी आधी फाइली उघडून बघ, वहिनी," तो म्हणाला.

सकाळी कानामात्रा चप्पल न काढता संगणकापुढे बसली. प्रस्तावनेतच पहिला दणका बसला. अर्धविरामांनी तिथे टीकाकारांवर तोंडसुख घेतलं होतं. आता तिथे छापलं होतं, 'टीमामारांना मी आयुष्यात कधी भीक घातली नाही.'

तिने डोळे मिटले. टीकाकार. टी, काका, र. बरोबर.

मग ती ग्रेप घेऊन मागेच लागली. तिसऱ्या प्रकरणात नायक नदीत पडतो, तिथे त्याच्या 'नामामानात' पाणी गेलं होतं. त्याचा बाप दिवसभर 'काकाकागे' लागलेला असे. तो बिचारा कामामागे लागलेला होता. शेजारणीच्या पिंजऱ्यात मामाकुवा बोलत होता. एका ठिकाणी नायकाला कुणी मामा बनवलं होतं, त्याला आता काका बनवलं होतं, आणि त्यात फसवणूक कुठे झाली हे कळायला मार्ग नव्हता. सगळ्यात भारी होतं ते बारावं प्रकरण. नदीकाठी चांदणं पडलं आहे, नायिका डोळे मिटते आणि 'त्याच्याशी एमामार होते.'

कानामात्रा आधी घाबरली, आणि मग तिला हसू आवरेना. प्रकाशक आत आले तेव्हा ती टेबलावर डोकं ठेवून हलत होती. त्यांना वाटलं, रडतेय.

"बाई! घरी काही..."

"नाही हो," तिने डोळे पुसले. "एमामार झाली."

"कोण?"

शब्द सापडत होते, ते ती हाताने दुरुस्त करत गेली. पण नात्यांचा घोळ त्याहून वाईट होता. मूळ कादंबरीत नायकाची आई काकाला भाऊजी म्हणायची, नवऱ्याचा भाऊ म्हणून. आता ती मामाला, म्हणजे स्वतःच्या सख्ख्या भावाला, भाऊजी म्हणत होती, आणि काका 'आईच्या पाठचा भाऊ' होता. हिशेब मांडला तर नायकाचे आईवडील एकमेकांचे बहीणभाऊ ठरत होते. इथे सेडचा उपयोग नव्हता. ओळ न् ओळ वाचावी लागत होती. चहा येईपर्यंत झालेलं काम निस्तरता निस्तरता तिचा सबंध आठवडा गेला, म्हणजे प्रकाशकांनी आधी धरला होता तेवढाच. ते सभ्य गृहस्थ होते. नुसते अधूनमधून कॅलेंडरकडे बघत.

आणि न दुरुस्त केलेला गठ्ठा मामांकडे होता, हे सगळ्यांच्या ध्यानातून गेलं होतं.

मामा आले ते गठ्ठा काखेत मारून. पानापानाला काळ्या बोटांचे ठसे उमटले होते. अर्धविरामही तिथेच बसलेले होते. मेहुण्याला पाहून ते खुर्चीत जरा खाली घसरले.

"भाऊजी, पुस्तक वाचलं," मामा म्हणाले. "मोठ्याने वाचलं. दुकानात. ट्रकवाले हवा भरून झाली तरी हलत नव्हते."

"आवडलं?"

"आधी एक सांगा. त्या मुलीचं काय झालं नदीकाठी? एमामार झाली म्हणजे काय? दहा लोक बसले होते, मी वाचता वाचता थांबलो. एक जण म्हणाला पुढचं वाचा, एक म्हणाला नको, दुकानात बायामाणसं येतात."

अर्धविरामांनी कानामात्राकडे पाहिलं. "ती टायपिंगची चूक," ती घाईने म्हणाली. "दुरुस्त केलीय."

"आणि ते टीमामार? तीही चूकच का?"

तिने तोंड उघडलं, पण मामांचं बोलणं संपलं नव्हतं. "कारण तो शब्द एक नंबर आहे. दुकानात सगळ्यांना आवडला. काल एकजण माझ्या टायरला नावं ठेवत होता, तर माझा कारागीर म्हणाला, आला बघा टीमामार!"

अर्धविराम सरळ बसले. मानेला एक डौलदार झटका दिला. "तो माझा शब्द आहे," ते म्हणाले. "मुद्दाम घडवलेला. टीका करून करून जो माणसाला मारतो, तो टीमामार."

"मधला मामा कशाला?"

"तो... नाद आहे. भाषेचा नाद."

कानामात्रा त्यांच्याकडे बघतच राहिली. त्यांनी तिची नजर चुकवली, पण कान लाल झाले होते. आपण असं काही लिहिलेलं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण आठ वर्षांत आपण काय काय लिहिलं हे कुणाला आठवतं, असाही एक चोरटा आनंद त्या चेहऱ्यावर होता. "ते प्रस्तावनेत तसंच ठेवा, बाई," ते म्हणाले.

"ठेवते," ती म्हणाली. याहून मोठी कबुली द्यायची तिची तयारी होती. कुणी मागितली नाही.

"आता मुद्द्याचं," मामा म्हणाले आणि त्यांचा हात आपोआप अर्धविरामांच्या बटणाकडे गेला. "भाऊजी, हा मामा मला नको."

"अहो, पण तो देवमाणूस आहे!"

"असेल देवमाणूस. करतो काय तो? उसासे टाकतो. खिडकीत उभा राहतो. पोराला म्हणतो, बाळ, सत्याची वाट सोडू नकोस, आणि पुन्हा खिडकीत जातो. दुकानात त्याचं पान आलं की लोक बिडी ओढायला बाहेर. आणि तो काका बघा! काय बोलतो, काय चालतो! वकिलाला कसा घुमवतो, सावकाराला त्याच्याच ओट्यावरून कसा हाकलतो! तो आला की सगळे पुढे सरकून बसतात. त्या काकाला मिशा आहेत, पोट आहे, आणि तो बोलताना..." ते थांबले. आपल्या हातातल्या बटणाकडे त्यांनी पाहिलं आणि आवाज आणखी मऊ झाला. "तो मी आहे ना, भाऊजी? मग माझं मला परत द्या की."

अर्धविरामांचा चेहरा उजळत उजळत गेला. आपला खलनायक ट्रकवाल्यांना पुढे सरकून बसायला लावतो, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"पण दुकान गिळतो तो," प्रकाशक क्षीण आवाजात म्हणाले. "भाच्याचं."

"गिळू दे. माझे भाचे मला ओळखतात. आणि बाजारात लोक उधारी मागायला यायचे ते जरा बिचकून येतील."

"छापखाना..." प्रकाशक म्हणाले, आणि त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

सगळे कानामात्राकडे वळले. या खेपेला तिने चहा मागवला नाही. आधी सगळ्या फोल्डरची एक नक्कल काढून वेगळी ठेवली. मग विचार करत बसली. शब्द जिथे सुरू होतो तिथेच मामा किंवा काका आला तर बदल, मध्ये आला तर हात लावू नकोस, असं सेडला सांगता येत होतं. शेवटाला मात्र मोकळीक ठेवावी लागणार, कारण आपल्या भाषेत मामाने, मामाला, मामाच्या, असं शेपूट चिकटलेलंच असतं. म्हणजे टीमामार सुरक्षित. काकाकुवा मात्र शब्दाच्या सुरुवातीलाच काका घेऊन बसलेला. त्याला वगळायचं तिने वेगळं सांगितलं. आणि एवढं पोळल्यावर सगळ्या फोल्डरवर एकदम हत्यार चालवायची हिंमत तिला झाली नाही. प्रकरणांच्या फाइली तेवढ्या घेतल्या, एकेक करत, प्रत्येक फाइलीत काय बदललं ते डोळ्यांनी पाहत. भाऊजी आणि पाठचा भाऊ पुन्हा हाताने जागच्या जागी नेले. मामा संध्याकाळपर्यंत बाजूला बसून होते. कुठे काका किंवा मामा दिसला की म्हणत, "हा माझा. हा पण माझा. हा उसासेवाला, हा राहू द्या."

पुस्तक छापून झालं. पहिला गठ्ठा घेऊन प्रकाशक आणि कानामात्रा अर्धविरामांच्या घरी गेले. मामा दुकान बंद करून आलेले, इस्त्रीच्या शर्टात. अर्धविरामांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, सगळ्यांना चहा-बिस्किटं दिली. नवऱ्यापुढे बशी ठेवली, पण तोंडाने काही नाही. भावाचं समाधान झालं तरी आठ वर्षं नवऱ्याने आपल्या माहेरच्या माणसाच्या मिशांवर पानंच्या पानं खरडली, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं.

मामांनी एक प्रत उचलली, वास घेतला, आणि पहिलं पान उलटलं. मग दुसरं. तिथे ते थांबले. त्यांचे ओठ हलले. चष्मा काढून त्यांनी पुसला आणि पुन्हा वाचलं.

"भाऊजी," ते म्हणाले. आवाज इतका मऊ झाला होता की ऐकायला सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. "हे मला सांगितलं नाहीत तुम्ही."

"काय?"

मामांनी मोठ्याने वाचलं. "ज्यांच्या खांद्यावरून मला जग दिसलं, त्या मामांना."

कानामात्राच्या हातातलं बिस्किट चहात पडलं. अर्पणपत्रिका! ती वेगळ्या फाइलीत होती, मामांकडे गेलेल्या गठ्ठ्यातही नव्हती. पहिल्या खेपेला सगळ्या फोल्डरबरोबर तीही बदलली गेली, आणि दुसऱ्या खेपेला, प्रकरणं तेवढी घेतल्यामुळे, तशीच राहिली. अर्धविरामांना लहानपणी वाढवलं ते त्यांच्या काकांनी. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. अर्पणपत्रिका त्यांच्या नावाची होती, आणि ती कुणीच तपासली नव्हती, कारण दोन ओळींत काय चुकणार?

"खांद्यावरून," मामा म्हणत होते. "लक्षात आहे तुमच्या! पाय मोडला होता तुमचा, नवीन लग्न झालेलं. चार मजले खांद्यावर घेऊन उतरलो होतो मी. मला वाटलं, विसरलात." त्यांनी रुमाल काढला, पण तो टायरच्या कामाचा निघाला, डोळे पुसले तसा गालावर काळा पट्टा उमटला.

अर्धविरामांनी कानामात्राकडे पाहिलं. तिने पंख्याकडे पाहिलं. प्रकाशकांनी एक बिस्किट उचलून त्याच्यावरची नक्षी वाचायला घेतली.

अर्धविरामांनी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात वहिनींनी आपली खुर्ची त्यांच्या खुर्चीजवळ ओढली. "एवढं मनात होतं," त्या म्हणाल्या, "तर बोलायचं नाही का माणसाने?"

लांबलचक वाक्यांसाठी प्रसिद्ध असलेला तो माणूस फक्त "हं" म्हणाला.

निघताना ते दोघांना सोडायला जिन्यापर्यंत आले. दार ओढून घेतलं. आतून मामांचा आवाज येत होता. फोनवर कुणाला तरी अर्पणपत्रिका वाचून दाखवत होते, दुसऱ्यांदा.

"चूक माझी आहे," कानामात्रा म्हणाली. "पुढच्या आवृत्तीत काकांना परत आणते. एका ओळीचं काम आहे."

अर्धविराम कठड्याला टेकले. त्यांनी खालच्या पायऱ्यांकडे पाहिलं. "काका असते तर खो खो हसले असते," ते म्हणाले. "पायऱ्या खरंच चार मजल्यांच्या होत्या, बाई. आणि मेहुण्यांनी वाटेत एकदाही टेकवलं नव्हतं मला. मी विसरलोच होतो ते."

"मग? दुरुस्त करू की नको?"

आतून वहिनींनी हाक मारली. "अहो, चहा गार होतोय!"

"आलो," ते म्हणाले, आणि दुरुस्तीचं उत्तर न देता वळून लगबगीने आत गेले.